फ्रेंच चाकूची ग्रेड

९ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून ही डायरी. पार्सल आज येणार. फोल्डिंग चाकू, मेड इन फ्रान्स, लाकडी मुठीचा. तिकडचे शेतकरी म्हणे जन्मभर हाच खिशात बाळगतात, आणि तिकडच्या मानाने हा अगदी स्वस्तातला माल. युरोपची स्वस्तातली वस्तू खरंच चांगली असते का, हे एकदाचं बघायचं. नेटवर शेकडो लोकांनी मतं लिहिली आहेत. एकालाही माल पारखण्याचं ट्रेनिंग नाही. मी एकतीस वर्षं खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर होतो. कापूस चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब, किती मजबूत, ते सांगायचो. रिटायर झाल्यापासून ही विद्या घरात पडून आहे.
संकल्प: रोज एक टेस्ट. शेवटी लेखी निकाल. भावनेला थारा नाही.

दुपारी ४
पार्सल आलं नाही. कुरियरवाल्याला दोनदा फोन केला. त्याला कामाची किंमत नाही.

११ नोव्हेंबर
आला. वजनाला हलका. पातं उघडून मुठीजवळची रिंग फिरवली की लॉक. साधी युक्ती, पण आपल्याकडे कोणाला सुचली नाही. पेपर कापला, सरळ. सुतळी, एका झटक्यात. टोमॅटो, पारदर्शक चकत्या. रुख्मिणी म्हणाली, टोमॅटो आपल्या विळीवरही कापला जातो. तिला फरक समजावून सांगितला. माझं बोलणं चालू असतानाच ती कुकर लावायला गेली. चाळीस वर्षं हेच.

१३ नोव्हेंबर
काल कांदा आणि लिंबू कापलं. पुसायचं राहिलं. सकाळी पात्यावर निळेकाळे डाग, कडेला गंज. रुख्मिणी म्हणाली, फसवलं तुम्हाला. फसवलं वगैरे काही नाही. हे कार्बन स्टील आहे, स्टेनलेस नाही. मी मुद्दामच तेच मागवलं. (ते स्वस्तही होतं, पण तो मुद्दा वेगळा.)
उपाय: तेल. यापुढे प्रत्येक वापराआधी आणि नंतर शिलाई मशीनचं तेल. रुख्मिणीने विचारलं, तेलकट चाकूने कापलेली काकडी कोण खाणार. मी खाल्ली. काही झालं नाही.

१४ नोव्हेंबर
पोटामुळे टेस्ट स्थगित. काकडीच जून असावी.

१६ नोव्हेंबर
मूठ पाण्यात बुडवून धुतली. लाकूड फुगलं, पातं उघडेना. टेबलाच्या कडेवर ठोकलं तेव्हा उघडलं. टेबलाला खाच पडली. चाकूला काही नाही. यावरून मजबुती कळते.

१८ नोव्हेंबर
अमरावतीतल्याच जुन्या कापड बाजारात नईमभाईकडे गेलो. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतो. मुद्दाम गेलो, त्याचं तोंड बघायला. त्याने अंगठ्याने पातं चाचपलं आणि म्हणाला, “लोहा अच्छा है साहेब. पन तेल घर में लगाने का. काम पे सूखा कपडा मारो.” एवढंच. पुढच्या गिऱ्हाईकाची कात्री हातात घेतली. त्याने युरोप पाहिलेला नाही, त्याला काय बोलायचं. मीही पाहिलेला नाही, पण मी वाचतो.

२३ नोव्हेंबर
मोर्शीकडून दादाचा फोन. खुशालराव, माझा थोरला भाऊ. वर्षातून दोनदा फोन करतो, त्यातला एक दिवाळीला. विहिरीजवळचं जयवंता वहिनीचं संत्र्याचं झाड चाललं. खोडातून डिंक गळतो आहे, एकच फांदी जिवंत आहे. वहिनीने ते रोप माहेराहून एसटीत मांडीवर आणलं होतं. तशी गोडी बागेतल्या बाकी चारशे झाडांना नाही. पौषात वहिनीला जाऊन दोन वर्षं होतील. त्या फांदीचे डोळे, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठी, काढून जंबेरी लिंबाच्या रोपांवर, खुंटांवर, बांधायचे, म्हणजे झाड नव्याने उभं राहील. दादा तानुबाईला बोलावणार होता. ती नर्सरीत तीस वर्षं कलमं बांधते.
मी म्हटलं, मी बांधतो. माझ्याकडे योग्य हत्यार आहे.
दादाने दोनदा विचारलं, तू बांधशील? मग म्हणाला, “ये मंग.”
आम्हा दोघांत वाकडं काही नाही. पूर्वी एकदा त्याची कापसाची गाडी माझ्याच केंद्रावर आली आणि मी कापूस दोन नंबरात काढला. कापूस एक नंबरच होता, पण भावाला एक नंबर दिला असता तर लोक काय म्हणाले असते? दादा त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. म्हणजे त्याला पटलं असणार.
यावेळी त्याच्यासाठी काहीतरी करून दाखवायचं आहे. हे फक्त इथे लिहितो.

२९ नोव्हेंबर
कलम बांधण्याचे व्हिडिओ पाहिले. एकूण तेरा. फार काही नाही त्यात.

३० नोव्हेंबर, दादाकडे
अडतीस खुंट, अडतीस डोळे. सगळे मी बांधले. खुंटाच्या सालीवर उभी-आडवी चीर, आत डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. पातं लोण्यातून फिरावं तसं फिरलं. प्रत्येक चिरेआधी पात्याला तेल. डब्बी संपत आली.
तानुबाई नुसती बघायला म्हणून आली होती. तिचा चाकू म्हणजे करवतीच्या पात्याचा तुकडा, मुठीला चिंधी. हसू आलं, पण हसलो नाही. ती म्हणाली, “भाऊ, पातं कोरडं ठेवा. सालीले तेल लागलं का डोया चिकटत नाई.” मी तिला कार्बन स्टील म्हणजे काय ते सांगितलं. तिने त्या फांदीच्या चार काड्या स्वतःसाठी मागितल्या, त्यांचे डोळे वेगळ्या खुंटांवर बांधून ठेवते म्हणाली. मी नाही म्हटलं. दोन हातांनी काम केलं की निकाल कोणाचा ते कळत नाही. ती दादाकडे बघत राहिली. दादा म्हणाला, राहू दे, मोती (म्हणजे मी) करतो आहे ना.
झाड मात्र डोळे लागेपर्यंत तोडू नका, असं ती जाताना दोनदा बजावून गेली. डिंकाचा रोग शेजारच्या झाडांना लागेल याची दादाला काळजी आहे. ठरलं असं: तीन आठवड्यांनी मी येऊन डोळे तपासायचे. मी पास केले की झाड तोडायचं.

१० डिसेंबर
पेरूची फोड, दोरी, खोक्याचा पुठ्ठा. धार तशीच. निकालपत्राचा मसुदा तयार. वाक्यं जमून आली आहेत.

२१ डिसेंबर, दादाकडे, सकाळी ११
तपासणी. डोळ्याखाली पानाचा छोटा देठ ठेवलेला असतो. प्रत्येक देठ चिमटीत धरून हलकेच ओढला, कापसाचा धागा ओढायचो तसा. अडतीसपैकी एकही सुटला नाही. पकड जबरदस्त. देठ थोडे तपकिरी आहेत, पण थंडी आहे. एकतीस वर्षांत इतका एकसारखा माल पाहिला नाही.
दादाला सांगितलं, अडतीसपैकी अडतीस. ए ग्रेड.
दादा म्हणाला, तानुबाई कामाला शेंदूरजन्याला गेली आहे, आठवड्याने येईल, तिलाही एकदा दाखवू. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, जन्मभर माल तपासला, आता मजूर बाईकडून सही घ्यायची का? दादाने माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आला. गडी होता, पण त्याने गड्याला हात लावू दिला नाही. शेवटची फांदी पडली तेव्हा बुंध्याजवळ खाली बसला आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं.
संध्याकाळच्या बसने परत. मन प्रसन्न.

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: निकालपत्र नेटवर टाकायचं, कलमांचे फोटो जोडून. दादाला फोटो पाठवायला सांगितलं. आले नाहीत. त्याला फोनमधलं जमत नाही.

५ जानेवारी
दादाचा फोन. तानुबाईने पट्ट्या सोडल्या. सगळे डोळे काळे.
थंडीने गेले असणार. किंवा जंबेरीचे खुंट जुने होते. प्लास्टिकही आजकाल हलकं येतं.

६ जानेवारी, दादाकडे
स्वतः पाहिलं. अडतीसपैकी अडतीस. तानुबाईने एक डोळा नखाने उचलून दाखवला. खाली सालीला तेलाचा डाग, डोळा सुकून कोळसा झालेला. म्हणाली, “देठ गयून पडला असता तं डोया लागला असता. धरून बसला मंजे मेला.” आवाज चढवला नाही. मी म्हटलं, कापसात तसं नसतं. ती म्हणाली, नसेल.
मग ती गोठ्यामागे गेली, जिथे झाडाचं सरपण रचलं होतं. पुन्हा बांधायला एखादी जिवंत सापडेल म्हणून एकेक काडी मोडून आत हिरवी आहे का बघत होती. दुपारपर्यंत बसली होती. मीही थोडा वेळ तिच्याशेजारी बसून काड्या मोडल्या. सगळ्या कडकड मोडत होत्या.
दादाने जेवायला वाढलं. भाजी कशी झाली विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ जानेवारी
निकालपत्र. धार: उत्तम. लॉक: उत्तम. मूठ: पाण्यापासून जपावी. गंज: निगा राखणाऱ्याला त्रास नाही. ग्रेड: ए.
चाकूत एकही दोष सापडत नाही. तीन वेळा तपासला. काहीतरी सापडायला हवं होतं.

९ जानेवारी
निकालपत्र टाकलं नाही. चाकू कुठे ठेवला आहे, रुख्मिणीने विचारलं. कपाटात, असं सांगितलं. ती काही बोलली नाही. आज पहिल्यांदाच वाटलं, काहीतरी बोलावं हिने.

११ जानेवारी, सकाळी
दादाचा फोन. मी आधीच सुरू केलं, थंडी, खुंट, वगैरे. त्याने मध्येच थांबवलं. “तुयं काई चुकलं नाई मोती. तू पाह्यलं, मी कापलं.” मग म्हणाला, उद्या वहिनीची तिथी. पानावर संत्रं ठेवायचं असतं, आतापर्यंत तिच्याच झाडाचं ठेवलं. बागेतली दुसरी त्याला ठेववत नाहीत. “अमरावतीवरून दोन घेऊन येजो. तिच्या झाडासारखे गोड पाह्यजो. तुले पारख हाये.”
टोमणा नव्हता. दादाला टोमणे मारता येत नाहीत.

संध्याकाळी ६.३०, अमरावती
फळबाजारात तासभर उभा होतो. एकेक संत्रं हातात घेतलं, वजन पाहिलं, साल दाबली, वास घेतला, परत ठेवलं. कोणतं गोड, कळेना. वहिनीचं संत्रं कसं लागायचं, तेही आठवेना. शेवटी फळवालीला म्हटलं, बाई, तूच दे दोन. तिने न बघता वरची दोन उचलली आणि पिशवीत टाकली.