पेन्सिलची नोंद

सोमवार, १०
१. शनिवारी सकाळी ८.५० ला कालव्यावरचा पादचारी पूल मधोमध तुटला.
२. सहा जण गेले. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंचे यजमान.
३. तीन आठवड्यांपूर्वी त्या पुलाची तपासणी मी केली होती. चौथ्या तुळईला ४ मिलिमीटरचा तडा. मर्यादा २.
४. नोंद पेन्सिलने केली. खात्यात कनिष्ठाने पेन्सिलने लिहायचे आणि साहेबांनी त्यावर शाई फिरवायची, अशी पद्धत आहे. साहेब म्हणाले, बघू. शाई फिरली नाही.
उद्या सकाळी दहा वाजता खात्यात सगळे सांगणार. मी भावनेच्या आहारी जात नाही, त्यामुळे अवघड नाही.

मंगळवार, ११. सकाळी ११.४०
दहाला प्रिंटर बंद होता. मग मंत्र्यांच्या सचिवांचा फोन. उद्याच्या भाषणासाठी विचारत होते, तड्याची नोंद होती का. मी म्हटले, शाईत नाही. उत्तर शंभर टक्के अचूक. पेन्सिलचे त्यांनी विचारले नाही.
साहेब २४ पर्यंत रजेवर. फोनही बंद. ब्लडप्रेशर म्हणे. तपासणीच्या दिवशी ठणठणीत होते.

बुधवार, १२
पुलाजवळ गर्दी. रस्ता अडवलेला, बऱ्याच जणांच्या हातात दगड. मंत्र्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला. आवाज फुटत होता.
"आपल्यातल्या एकालाही ठाऊक असतं, तर तो पुलावर आडवा पडला असता, पण कोणाला जाऊ दिलं नसतं. माणसावर एवढा विश्वास ठेवा आणि घरी चला."
लोकांनी दगड खाली ठेवले. फेकले नाहीत, ठेवले. दहा मिनिटांत रस्ता मोकळा. मंत्री मनापासून रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, पण ते धुळीमुळे. साइटवर गॉगल घालणे.
आता लगेच बोलले तर लोक पुन्हा भडकतील. सार्वजनिक हिताचा विचार करून दोन दिवस थांबणार.

शनिवार, १५
काकूंना सांगायला गेले. पाच वाक्ये पाठ. मशीनवर काकांचा शर्ट, एक बाही जोडायची राहिलेली. काकूंनी चहा टाकला.
"त्या माणसाचं भाषण ऐकलं आणि त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली गं. कोणालाच ठाऊक नव्हतं ना? तू त्याच खात्यातली. तू सांग."
मी म्हटले, चौकशी चालू आहे. त्या म्हणाल्या, तुझं हेच बरं, उगाच गोड बोलत नाहीस, म्हणून तुझं पटतं.
चहा पूर्ण प्यायले. तोंडी सांगण्यात अचूकता राहत नाही. लेखीच द्यावे.

मंगळवार, १८. दुपारी ४.१०
दिले. साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. आठ दिवसांत एवढे ठाम पाऊल खात्यात कोणी उचललेले नाही. प्रत इथे:

महोदय,
चौथ्या तुळईची पेन्सिलची नोंद अजून वाचता येते. ती शाईने पक्की करण्यास आपली संमती हवी. कृपया शुक्रवार, दि. २१ पर्यंत उत्तर द्यावे. न आल्यास संमती नाही असे समजेन.