फुकटचे डोंगल

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कोरपन्याच्या आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकांवर मुक्त प्रणाली टाकली, जिचा कोड कुणीही बघून बदलू शकतो, तेव्हापासून वायफायचे डोंगल बंद. कंपनीला तीन पत्रं लिहिली: डोंगल चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअर, खुला करा, दुरुस्ती आम्ही करू. आज त्यांचा माणूस दुसऱ्या बनावटीचे दहा डोंगल फुकट घेऊन आला. लावून पाहिले, चालले. वर पेढे. पेढे कशाला?

"बाई, नेट चालून राह्यलं ना! आता कोडचं काय लोणचं घालता?"

"लोणचं मले जमते, भाऊ. सहीचा कागद दाखवा."

पोचपावतीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: कोड खुला करण्याची मागणी मागे घेतली आहे. म्हणून पेढे!

सही केली नाही. डोंगल, पेढे, दोन्ही परत. परवा अभ्यासिकेतल्या पोरींचे परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत. चुकले का मी? पण उद्या हेही बंद पडले, तर पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचं?

चौथं पत्र लिहिलं. अर्ज माझ्या मोबाईलवरून भरू, एकेक करून.