परवान्यावरचं नाव

पिंपरी,
ता. ८ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप दादास,
यशोदाचा शि. सा. न. वि. वि.

इथल्या औषधाच्या कारखान्याचं काम आता पुरं होत आलं. मान दुखेपर्यंत वर बघावं एवढ्या भिंती! परमुलखातली माणसं कामाला येतात आणि दुपारी माझ्या पिठलं-भाकरीवर तुटून पडतात. ह्यांचा पाय बैलगाडीखाली सापडल्यापासून हे खाटेवरच आहेत, तेव्हा आमचं घर त्या चुलीवरच चाललंय.

आता पंचायतीनं दवंडी दिलीय. खानावळ म्हणू नको, चहाचं दुकान म्हणू नको, नवं काहीही घातलं की परवाना हवा आणि वर्षाची फी पाच रुपये. फीचं बघितलंय मी. पण चिमाजी भावजी म्हणतात, बाईमाणसानं चावडीवर कशाला जायचं, परवाना मी माझ्या नावावर काढतो. सख्खे दीर आहेत, बोलायची चोरी. पण परवाना त्यांचा झाला की उद्या खानावळही त्यांची, आणि मी तिथली भाकऱ्या थापणारी. काय करू ते लवकर कळव.

तुझ्या मायेची,
यशोदा

महाळुंगे,
ता. १४ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. यशोदा हीस,
सावळारामाचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू आम्हाला मातीच्या भाकऱ्या विकायचीस आणि पैसे मात्र खरे मागायचीस. तुझी वहिनी म्हणते, त्या पोरीला परवाना तेव्हाच द्यायला हवा होता. भिऊ नकोस, तुझ्याच नावावर काढ. आमचे दाजी ज्योतीरामही हेच म्हणतील. कांदे काढणीला आलेत, नाहीतर मीच आलो असतो.

काळजी एकच आहे. चावडीवर पूर्ण नाव विचारतील, म्हणजे नवऱ्याचंही आलं. आणि तू तर त्यांच्या नावात राम आहे म्हणून कुणी राम राम घातला तरी नुसते हात जोडणारी! आधी मनाची तयारी कर, मग जा.

मुलांना गोड पापा. आठवण ठेवून लिहीत जा.

तुझा दादा

पिंपरी,
ता. २ मार्च १९५५

तीर्थरूप दादास,
यशोदाचा शि. सा. न. वि. वि.

परवाना मिळाला. माझ्या नावावर!

चावडीत पंच बसलेले आणि चिमाजी भावजी दाराशी उभे. नवा सेक्रेटरी परगावचा, नियमाचा पक्का. त्यानं फी घेतली, टाक शाईत बुडवला आणि पूर्ण नाव विचारलं. माझं सांगितलं, पुढं जीभच उचलेना. पंचांतल्या म्हाताऱ्या तात्याबांना दया आली. ते म्हणाले, आवं आमी सांगतो की, समद्या गावाला ठावं हाय. सेक्रेटरी म्हणाला, जिचा परवाना तिनंच सांगायचं. तेवढ्यात भावजी पुढं झाले. तिला कशापायी छळता, माझं नाव लिवा, मी हाय की. सेक्रेटरी म्हणाला, मग परवाना तुमचा होईल. आणि दादा, त्यानं टाक कागदावर टेकवलासुद्धा.

मी नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, उखाण्याशिवाय. वाटलं होतं, आता आभाळ कोसळणार. पण सेक्रेटरीनं ते लिहून घेतलं आणि शिक्का मारला. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तिचं नाव विचारायला पंचायत बसते आणि ती सांगेल ते कागदावर उतरतं, याचं नवल मला अजून वाटतंय.

घरी पोचले, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. हे खाटेवर उठून बसले होते. म्हटलं, आता रागावतात. पण हळूच म्हणाले, लग्नातला तुझा उखाणा वाजंत्र्यांच्या गलक्यात मला ऐकूच आला नव्हता. आज सगळ्या गावानं ऐकलं, मीच तेवढा राहिलो.

मी दार लोटलं आणि त्यांच्याजवळ बसून पुन्हा नाव घेतलं.

वहिनीला नमस्कार. कांदे उरकले की दोघं माझ्या खानावळीत जेवायला या, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
यशोदा