उतरवलेली पट्टी

४ सप्टेंबर

मार्चनंतर आज वही उघडतेय. माफी कुणाची मागायची कळत नाही, पण मागते. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. लिहिलं की ते खरं होतं, म्हणून टाळलं.

आमच्या पहिल्या रेकॉर्डला पंचवीस वर्षं झाली. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला आहे. आयोजकाची कल्पना अशी: रंगमंचावर अंधार, जुन्या टेपवर त्या रेकॉर्डमधल्या गाजलेल्या गाण्याचं पहिलं कडवं. मग दिवे, आणि दुसऱ्या कडव्यापासून आम्ही प्रत्यक्ष. आमचा गायक म्हणजे माझा थोरला दादा. तो खूश. "म्हणजे तरुण मी आणि म्हातारा मी, पाठोपाठ. लोकांना फरक ओळखू द्या."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणजे आमचे बेस गिटारवाले – दिवसा शाळेत गणित शिकवतात. ते वायर गुंडाळत बसले, गुंडाळलेलीच.

कारण टेप मूळ पट्टीत आहे आणि आम्ही आता एक पूर्ण सूर खाली वाजवतो; पाठोपाठ ऐकलं की लगेच कळेल. दादाला हे माहीत नाही.


५ सप्टेंबर

कसं सुरू झालं ते एकदा सरळ लिहिते.

आठेक वर्षांपूर्वी दादाचा घसा धरला, महिनाभर. त्यानंतर आवाज मधल्या सुरांतही फाटायचा. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धा सूर उतरवून बघू. बोलू नकोस, नाहीतर तो बिचकेल." त्यांनी बेसच्या, मी गिटारच्या तारा सैल केल्या. दादा कुठलंच वाद्य वाजवत नाही. आम्ही देऊ तो त्याचा सूर. त्या दिवशी तो हे सगळं गाणं स्वच्छ गायला. रिहर्सलच्या खोलीत अक्षरशः नाचला. "आजारपणानं गळा सुटला माझा!"

त्या चेहऱ्याला कोण सांगणार?

पुढे आणखी अर्धा सूर. मी जाड तारा घेतल्या, म्हणजे सैल लावूनही त्या खडखडत नाहीत. दादाने विचारलं तर "आवाज भरीव येतो" असं सांगितलं. तेही खोटं नाही. मला नेहमी अशी अर्धी खरी वाक्यं बरोबर सापडतात.


८ सप्टेंबर

माझ्याकडे गिटारच्या क्लासला एक दातांचे डॉक्टर येतात. आज म्हणाले, "तुम्ही हे ठरवून केलंत का? म्हणजे आयुष्यभर?"

ठरवून काय! दादाच्या मित्राची गिटार आमच्या घरी राहिली, तो परगावी गेला. मी तेरा वर्षांची. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. बाबा म्हणायचे, "खाज संपली की सांगा, पेपर वाचायचाय." मग कॉलेज, विम्याच्या ऑफिसातली नोकरी, ती सोडल्यावर आईचा अबोला. हॉटेलांत जेवणाऱ्यांकडे पाठ करून वाजवलं. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर नाव न येता वाजवलं. पण दादाच्या बाजूला उभं राहणं कधी सुटलं नाही. बाकी सगळं कामाचं होतं, ते घरचं.

डॉक्टरांना म्हटलं, "मनगट सरळ ठेवा."


११ सप्टेंबर

साउंडवाल्याला अडचण सांगितली. "एवढंच ना ताई? टेपचीच पट्टी उतरवून देतो. चहा येईपर्यंत होईल."

चहा यायच्या आधीच झालं. ऐकलं. सत्तावीस वर्षांच्या दादाचा आवाज – आणि जणू तोंडात घास आहे. जड, झोपाळू.

"कुणाला कळणार नाही."

"दादाला?"

"गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कधी कळलाय?"

मी "ठेवा" म्हणून आले. आजवर आम्ही म्हाताऱ्या दादाला फसवत होतो. आता तरुणालाही.


१२ सप्टेंबर

मास्तर म्हणतात, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सांग. गेली आठ वर्षं 'मग'च चाललंय.


१५ सप्टेंबर

सांगितलं.

दादा स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होता. वहिनी पाना धरून उभी. मी प्रस्तावना घोकून गेले होते, ती सगळी गळाली. म्हटलं, "दादा, आपण एक सूर खाली वाजवतो. तुझ्या त्या आजारपणापासून."

तो ओट्याखालून बाहेर आला. हात पुसले.

"मास्तरला माहीत आहे?"

"हो."

"ड्रमवाल्याला?"

"त्याला पट्टीशी काय देणंघेणं."

क्षणभर हसला. मला वाटलं, संपलं, सुटलो. मग त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे गळा सुटला नव्हता."

"नव्हता."

"मी लोकांना सांगत फिरलो गं. गरम पाणी प्या, गळा सुटतो म्हणून."

वहिनी म्हणाली, "अहो, जाऊ द्या, तिने तुमच्यासाठीच –"

"तू नळ धर," तो म्हणाला. आणि मला, "तू आता घरी जा."


१७ सप्टेंबर

रिहर्सल नाही. वहिनीचा फोन: "जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. ती रेकॉर्ड लावून बसतात. एकच जागा, पुन्हा पुन्हा. शेजारीण विचारून गेली, बिघडलीय का."


१९ सप्टेंबर

आयोजकाला जाणून घ्यायचं आहे, दादा गाणार की नाही. मलाही.

मी त्याच्यासाठी सांगितलं की स्वतःला झोप लागावी म्हणून? झोप लागतेय, हे लिहून ठेवते. त्याने गाणं सोडलं तर ही झोप त्याच्या जिवावर घेतलेली असेल.


२१ सप्टेंबर

दुपारी रिहर्सलच्या खोलीत एकटीच होते. दादा आला. चप्पल न काढता समोरच्या अ‍ॅम्पवर बसला, हेडफोन माझ्या हातात दिला. "दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ. गिटार ऐकू नकोस. मला ऐक."

मी आमची रेकॉर्ड कधी ऐकत नाही. मला नुसत्या माझ्या चुका ऐकू येतात. आज ऐकली. ओळ वर चढते, सगळ्यात वरचा सूर लागतो. त्याचा आवाज. परत लावली. त्याच्या आवाजाला चिकटून आणखी एक आवाज आहे – बारीक, सरळ. तिसऱ्यांदा ओळखला.

"ही मी आहे."

"माझा आवाज तिथवर पोचलाच नाही त्या दिवशी. तू सकाळी मला चाल दाखवायला गाऊन ठेवलं होतंस, ते पुसायचं राहिलं होतं. स्टुडिओवाला म्हणाला, माझ्या आवाजाखाली लावून देतो. मी हो म्हटलं."

"पण कार्यक्रमांत तर तू ती ओळ –"

"कार्यक्रमांत मी माइक लोकांकडे फिरवायचो. लोक ओरडायचे. तुला काय वाटलं, मी प्रेमाने द्यायचो?"

मला तसंच वाटलं होतं. पंधराएक वर्षं.

"आजारपणानंतर ती ओळ पहिल्यांदा माझी मला गाता आली," तो म्हणाला. "म्हणून तर नाचलो. म्हटलं, चला, आता हिला सांगायचं कारण उरलं नाही."

मी गिटार खाली ठेवली. म्हटलं, "पंचवीस वर्षं बोलला नाहीस."

"तू आठ वर्षं नाही बोललीस. मी थोरला ना."

दोघंही हसलो, पण बेताचंच. त्याचे डोळे सुजलेले होते. मला राग यायला हवा, असं घरी येताना लक्षात आलं. थोडा आलासुद्धा. तो राग चालता-चालता उतरला की नाही, सांगता येत नाही.


२२ सप्टेंबर

सकाळी दादाचा फोन. टेप आहे तशीच वाजवायची, आणि आपणही मूळ पट्टीतच. "बाकीचं गाणं मी ओढून नेतो, फाटलं तर फाटलं. ती ओळ तुझी आहे, तू गा."

मी म्हटलं, शेहेचाळिसाव्या वर्षी? सभागृहात? तो म्हणाला, "मग मी लोकांकडे माइक फिरवतो," आणि फोन ठेवला.

दार लावून ती ओळ एकदा गाऊन बघितली. वरचा सूर लागला. कसाबसा, पण लागला.

उद्या – साउंडवाल्याला सांगायचं, माझ्यासमोरही एक माइक हवा.