कंट्रोल उद्या

३ तारीख, सोमवार. सकाळी ११.४०
पेशी चमकल्या. सगळ्या. जगात हे ठाऊक असलेला माणूस सध्या मी एकटाच.
सुजलेल्या ऊतीच्या अर्कातून आठ महिने खपून वेगळा काढलेला चरबीचा रेणू. पेशी वाढवलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला आणि चार सेकंदांत बशीभर हिरवा उजेड. रेणू स्वतः पेशीत शिरत नाही. दारातल्या रिसेप्टरवर बसतो, बेल वाजवतो. मग आत निरोपानिरोपी होते, कॅल्शियमची कोठारं उघडतात आणि आपण आधीच भरून ठेवलेला रंग चमकतो. इतकं सोपं आहे. सासऱ्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, साबण काढणार का.
महिनाअखेर माझी नोकरीची मुदत संपते. आता कशाची संपते.

४ तारीख, मंगळवार
रेणूला माझंच नाव द्यायचं ठरवलं. नम्रपणा म्हणून आडनाव वगळलं.
टेक्निशियनबाईंनी विचारलं, रेणू न घालता नुसतं खारं पाणी टाकून पाहिलंत का. म्हणजे कंट्रोल. यांना कशातही कंट्रोल लागतो. लग्नातही तुलनेसाठी दुसरा नवरा मागितला असेल. मी त्यांना कंट्रोलताई म्हणतो, मनातल्या मनात. उद्या करतो म्हणालो.

५ तारीख, बुधवार
कंट्रोल करणार होतो. बशी एकच उरली होती. चांगली बशी खाऱ्या पाण्यावर कोण घालवणार? रेणूच टाकला. चमकल्या.
घरी बायको म्हणाली, कप आपटत जाऊ नकोस. मी आपटत नाही, ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनीही चिठ्ठी डकवली आहे की दार हळू लावावं. लोकांना उद्योग नाहीत.

८ तारीख, शनिवार
रेणू हजार पट पातळ केला. उजेड तेवढाच. लाख पट केला. तेवढाच. अशी ताकद कुठल्याच रेणूत नसते असं कंट्रोलताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नसतेच, म्हणून तर विचारते. कौतुक करायची एकेकाची पद्धत.
कंट्रोल सोमवारी. नक्की.

१० तारीख, सोमवार
कंट्रोलताईंनी नवीनच खुसपट काढलं. रेणू मी काचेऐवजी प्लॅस्टिकच्या नळीत ठेवतो आणि चरबी प्लॅस्टिकला चिकटते, तेव्हा थेंबात रेणू आहे कशावरून?
तासभर विचार केला. पेशी तर चमकतात. म्हणजे रेणू नळीच्या भिंतीवर बसून लांबूनच काम करतो. एकाचे दोन पेपर झाले. या गडबडीत कंट्रोल राहिला.

१३ तारीख, गुरुवार
पुढच्या आठवड्यातल्या सेमिनारच्या भाषणाची बायकोसमोर तालीम केली. मुदतवाढ मिळाली की आठवडाभर सुट्टी काढून बाहेर जाऊ, असंही सांगितलं. तिने मानही वर केली नाही. याला शास्त्रीय कारण आहे. एकाच सिग्नलचा सारखा मारा झाला की पेशी आपला रिसेप्टर आत ओढून घेते, मग कितीही बेल वाजवा. तिला हे समजावत होतो, पण ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

१८ तारीख, मंगळवार
उद्या सेमिनार. विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं की प्रयोग सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर करायचा. मुदतवाढीचं त्यावरच ठरेल. मी बोलायचं, थेंब कंट्रोलताई टाकणार. उत्तम. मोठ्या शास्त्रज्ञांना मदतनीस असतातच.
कंट्रोलला आता वेळ नाही. सेमिनार झाल्यावर शांतपणे करू.

१९ तारीख, बुधवार. दुपारी ४.१०
कंट्रोलताईंनी बशीच्या कडेने रेणू अलगद सोडला. पडदा काळा. दहा सेकंद. एक मिनिट. कुणीतरी खोकलं. मी म्हणालो, पेशी अनोळखी माणसांना बुजतात.
मॅडम म्हणाल्या, तुम्ही टाका. मी टाकला. पडदाभर उजेड. टाळ्या वाजल्या, दोघांच्या. कंट्रोलताईंनी नवी बशी ठेवली आणि माझ्या हातात दुसरी नळी दिली. तिच्यातलं टाकलं. तस्साच उजेड. मी अभिमानाने मागे वळलो. ताईंनी नळी फिरवून लेबल दाखवलं. खारं पाणी.
थेंब जोरात आदळला की पेशी दचकतात, तेवढ्यानेही कॅल्शियम सुटतं, असं मॅडम म्हणाल्या. गेले दोन आठवडे तुम्ही रेणू नाही, तुमचा हात मोजताय.

२० तारीख, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
मुदतवाढ नाही. मॅडमनी अगदी हळू आवाजात सांगितलं, त्याचंच जास्त वाईट वाटलं. टेबल आवरताना कंट्रोलताईंनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. माझ्या नावाची नळी काचेच्या बाटलीत जपून ठेवावी असं वाटलं. मग फेकून दिली.
घरी आलो. दार हळू लावलं. चहा प्यायलो आणि कप आवाज न करता टेबलावर ठेवला.
बायको आतल्या खोलीतून चार सेकंदांत बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारलं. सगळं सांगितलं. ती शेजारी बसून राहिली.
कंट्रोल म्हणून उद्या एकदा कप आपटून पाहायला हवा. पण नको.