रणगाडा डावीकडे ओढतो

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
६ फेब्रुवारी २०२५

चि. नवनीत,

आईचे आशीर्वाद घे आणि रूपालीलाही दे. आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. कितपत खुशाल, ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन असताना आईला हे काय सुचलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आई, ऐक ना" म्हणून आपलंच सांगतोस आणि शेवटी "ठरलं मग" म्हणून ठेवून देतोस. शिवाय तुझ्या आबांना प्रत्येक फोन स्पीकरवर लागतो. मला आज मध्ये कुणी न तोडता बोलायचं आहे. आबा रणगाडा घेऊन केळीत गेले आहेत आणि मी ओट्यावर कागद घेऊन बसले आहे.

म्हैस व्याली, रेडी झाली. थंडीने केळीची पानं कडेने करपली, पण घड चांगले भरलेत. रूपालीने पाठवलेली शाल मी वापरते. तुझ्या आबांनी ती एकदा रणगाड्याखाली अंथरली होती, तेव्हा जे बोलायचं ते बोलून झालं आहे.

त्या रणगाड्याबद्दलच लिहायचं आहे. रूपालीने तो कधी पाहिला नाही, म्हणून तिच्यासाठी सगळं नीट सांगते. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून आबांना हा नाद लागला. सुरतेहून मोटारी आणि गिअर मागवले, बाकी सगळं घरी घडवलं. हातभर लांब, लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. रिमोटला दोन दांड्या आहेत. डावी दांडी डाव्या अंगठ्याने ढकलली की डावा पट्टा फिरतो, उजवी ढकलली की उजवा. दोन्ही सारख्या ढकलल्या तर गाडी सरळ जाते. मी आधी नाकं मुरडायची. या वयात खेळणी कसली, म्हणायची. पण शिलाई मशीनवर हात बसलेल्या बाईला दुसऱ्या मशीनचं पोट बघितल्याशिवाय राहवत नाही. स्क्रू धरता धरता मीही शिकले.

डिसेंबरात तू फोनवर विचारलंस, "आबा कसे आहेत?" आणि मी म्हणाले, "रणगाडा डावीकडे ओढतोय." तू हसलास. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्यातच दिलं होतं, पण ते तुला कळू नये अशा बेताने.

खरंच ओढत होता. खळ्यात सरळ सोडला की थोडं चालून डावीकडे वळायचा आणि कडब्यात घुसायचा. आबा म्हणाले, केळीचा चीक लागला असणार. ते होतंच. कापलेल्या खांबांमधून गाडी नेली की चीक पट्ट्याच्या कड्यांत बसतो आणि वाळून काळा चिकट होतो. मी रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन एकेक कडी धुतली. तरी डावीकडेच. मग चाकांच्या आसाला गुंडाळलेली काळी माती आणि केसांचे गुंते काढले. माझेच केस होते, आता ओट्यावर वेणी घालायला मला बंदी आहे. मग दोन्ही पट्ट्यांचा ताण सारखा केला. तरी तेच.

मग आबांनी मोटारी बदलल्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. मोटार मंद असेल तर आता गाडी उजवीकडे ओढेल, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. पण गाडी डावीकडेच गेली. आबा चिडून आत जाऊन झोपले. मी पातेलं पालथं घातलं, त्यावर रणगाडा ठेवला म्हणजे पट्टे हवेत मोकळे फिरतील, आणि दोन्ही पट्ट्यांना लाल दोरा बांधला. रिमोट मी हातात घेतलं. दोन्ही दोरे बरोबरीने वर आले, बरोबरीने खाली गेले. मग गाडी अंगणात ठेवली आणि दोन्ही दांड्या ढकलल्या. तुळशीपासून गोठ्यापर्यंत गाडी सरळ गेली, जराही न वळता.

मी तिथेच खाली बसले. गाडीत काहीच खोट नव्हती.

आता जे सांगते ते वाचून लगेच फोन करू नकोस. आधी पूर्ण वाच. कोजागिरीनंतर आम्ही चार दिवस प्रकाशा गावी देवदर्शनाला गेलो, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. आबा शहाद्याला दवाखान्यात होते. सकाळी चहाचा कप डाव्या हातातून सुटला आणि तोंड जरासं वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले हलका झटका आहे, लवकर आणलंत म्हणून बरं. तोंड आठवड्यात जागेवर आलं. चालणं ठीक झालं. डावा हात मात्र मागे राहिला. दिवाळीला तू कंपनीच्या कामाला परदेशात होतास, म्हणून आमचं फावलं. आबांनी मला शपथ घातली होती आणि मलाही ती हवीच होती. कारण तू दोन वर्षं म्हणतोयस, काही झालं की केळी खंडाने, वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला देऊ आणि तुम्हाला पुण्याला घेऊन जाऊ. काही झालं होतं, नवनीत. म्हणूनच सांगितलं नाही.

आबा सगळ्यांना सांगत होते की आता हात पूर्ण बरा आहे, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी अंगणात मला कळलं की तो बरा नाही. डावा अंगठा दांडी पूर्ण ढकलत नव्हता, इतकंच. ते त्यांना कसं सांगू? ज्या माणसाने कारखान्यात हाताच्या अंदाजाने बेअरिंग बसवले, त्याला कसं सांगू, की गाडी बरी आहे, तुम्हीच वाकडे चाललात?

आणि मग तू मला उपाय सांगितलास. आठवतंय? आबा आत झोपलेले असतानाच तुझा तो डिसेंबरातला फोन आला होता. म्हणालास, "आई, सोपं आहे. रिमोटच्या मागे दोन छोटे स्क्रू असतील, प्रत्येक बाजूचा जोर ठरवणारे. डावी बाजू कमी पडते ना? मग उजवीचा जोर कमी कर. सरळ जाईल." इंजिनिअर पोराचं मी ऐकलं. उजवा स्क्रू थोडा मागे फिरवला. आबा उठले, गाडी चालवली, आणि ती सरळ गेली. "जमनं बघ!" म्हणून लहान मुलासारखे ओरडले. त्यांना वाटलं, ते झोपले असताना मी पट्टे पुन्हा रॉकेलने धुतले, त्यानेच काम झालं. मी चहा टाकायला आत गेले आणि चुलीपाशी रडले. बरंही वाटलं, हेही खरं आहे.

मयूरी नावाची मुलगी शहाद्याहून व्यायाम करून घ्यायला येते. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, "काकू, डाव्या हाताला काम द्या. तो कमी पडतो म्हणून दुसऱ्याने करू नका." मी मान डोलवायची. आणि इकडे मी काय केलं होतं? त्या हाताला काम होईल अशी एकच गोष्ट घरात होती, आणि तिथेच त्याला सुट्टी देऊन टाकली. तिने मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू तर आबांनी कुत्र्याला मारला होता. तरी मी स्क्रू परत फिरवला नाही. त्यांचा आनंद मोडायची हिंमत झाली नाही.

संक्रांतीला म्हसावदचे हेमकांतभाऊ, त्यांनाही हाच नाद, त्यांचा रणगाडा घेऊन आले. शाळेत विज्ञान शिकवायचे ते, तुला माहीत आहेत. खळ्यात चुन्याच्या दोन रेघा ओढून त्यातून गाड्या चालवायच्या, असं ठरलं. दहा-बारा जण जमले. आबांनी गाडी रेघांमधून सुतासारखी नेली. सगळ्यांनी वाहवा केली. हेमकांतभाऊंनी हौसेने आबांचं रिमोट मागितलं आणि गाडी उजवीकडे वळून थेट केळीच्या खांबांच्या ढिगात गेली. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"पितांबर, हाई गाडी उजव्या आंगे वढस रे!"

आबांनी रिमोट घेतलं, मागचं झाकण काढलं, स्क्रू बघितला. मग माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी तिळगूळ वाटत राहिले.

सगळे गेल्यावर म्हणाले, "हाई कोनी करं?"

"मी."

"काबर?"

"तुम्हले वाईट वाटी म्हनीसन."

"तू माले येडा समजस का?" ते ओरडले. मग आवाज खाली आला. "गाडी सरळ गयी. मन्हा हात वाकडाच ऱ्हायना ना."

नवनीत, मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. उपाय पोराने सुचवला, हे आज पहिल्यांदा कागदावर येतंय. आणि दोष तुझा नाहीच, तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

त्यांनी स्क्रू परत फिरवायला घेतला तो डाव्या हाताने. स्क्रूड्रायव्हर निसटायचा, खाली पडायचा. मी उचलायला वाकले तर म्हणाले, "हात लावू नको." चहा गार झाला, दिवेलागण झाली, तरी चाललं होतं. शेवटी फिरवला. गाडी सोडली आणि ती डावीकडे जाऊन गोठ्यावर आपटली. आबा म्हणाले, "जाऊ दे वाकडी. मीच सरळ करसू."

तेव्हापासून रोज सकाळी ते केळीच्या ओळीत जातात. गाडी डावीकडे वळते, खोडावर आपटते, ते तिला शिव्या देतात, आणतात, पुन्हा सोडतात. मयूरी बघायला गेली, तर म्हणाली, "काकू, माझ्या चेंडूपेक्षा हे बरं आहे." काल गाडी विहिरीपर्यंत सरळ गेली. पुढे वळली. हात पूर्ण येईल का, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. मला भीती वाटते. पुन्हा झटका आला तर काय, हा विचार मी भाकरी थापताना करते, झोपताना करते. घाबरत नाही असं मी म्हणत नाही.

पण आता मी म्हणते तेवढं ऐकून घे. शिवरात्रीच्या सुट्टीत तू गाडी घेऊन येतोस. खंडाने कसणारा माणूस तू ठरवला आहेस, कागद तयार केले आहेस, आमच्यासाठी खोली रंगवून घेतली आहेस. प्रेमाने केलंस, मला कळतं. पण तू तेच करायला निघाला आहेस जे मी त्या रिमोटला केलं. आबांचा एक हात कमी पडतो, म्हणून बाकीचं सगळं त्या हाताच्या मापाने कमी करायचं. केळी नको, खळं नको, हेमकांतभाऊ नको. सातव्या मजल्यावर गादीवर बसवायचं, म्हणजे कुठेच वाकडं जाणार नाही. मी महिनाभर ते करून बघितलं आहे. सगळं सरळ दिसतं, आणि माणूस आतून थांबतो.

मी परवा त्यांना विचारलं, जायचं का पुण्याला? त्यांनी केळीकडे बघितलं आणि म्हणाले, "मन्ही केळी सोडीसन मी कोठे जासू?" मी म्हटलं, विचारायचं म्हणून विचारलं.

तू ये. शिवरात्रीला जरूर ये, रूपालीला घेऊन ये. आबांसमोर त्यांच्या हाताकडे टक लावून बघू नकोस आणि घास हातात देऊ नकोस. पाण्याचा तांब्या सांडला तर सांडू दे, मी पुसते. राग आला असेल तर माझ्यावर काढ, खोटं मीच बोलले. शहाद्याच्या डॉक्टरांना भेट, सगळं विचार. औषधं बदलायची असतील तर बदलू, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असेल तर दाखवू आणि परत येऊ. तुझं म्हणणं ऐकायला मी तयार आहे. फक्त त्या ठरवलेल्या माणसाला तू आजच नाही म्हणून कळव, त्याला उगाच आशेवर ठेवू नकोस.

एक गोष्ट कदाचित तू विसरला असशील. ही केळीची जमीन घेतली तेव्हा आबांनी सातबाऱ्यावर माझंही नाव लावलं होतं. भावकीतले हसले होते, की बायकोचं नाव कशाला. तेव्हा मीही लाजले होते. आता लाजत नाही. खंडाच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतील. आबांचा एक हात दुबळा आहे, दुसरा तू धरून, समजावून, त्यांची सही एखाद्या वेळी घेशीलही. माझे दोन्ही हात धड आहेत.

तुझी आई,
निर्मलाबाई पितांबर पटेल

ही सही नीट बघून ठेव. त्या कागदावर ती तुला मिळणार नाही.