चंद्रवाघाला पडलेलं भोक

सरोजिनी नगर, नवी दिल्ली

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता फक्त कागदावर जमतो.) तुझा खांदा कितपत वर जातो? नाशिकच्या थंडीत मफलर सोडू नकोस. इकडे जयदीप आणि सूनबाई मजेत. नातीचं, म्हणजे उत्तराचं, आणि माझं मात्र बिनसलं, आणि चूक शंभर टक्के माझी, हे आधीच मान्य करून टाकतो.

उत्तराचा त्या पत्त्यांवर किती जीव, तुला ठाऊक आहेच. (आपले बदामसातचे पत्ते नव्हेत, यांवर अचाट प्राणी असतात, मुलं ते जमवतात, बदलतात, त्यांच्या लढाया लावतात.) दीडशे पत्ते बुटांच्या खोक्यात कोंबलेले बघून माझ्यातला अवर सचिव जागा झाला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मेला झोपत नाही. पोरगी शाळेत गेल्यावर मी वर्गवारी केली, प्रत्येक पत्त्याला डाव्या वरच्या कोपऱ्यात पंच मारला, हिरव्या टॅगमध्ये ओवून सुबक फाइल केली आणि वर लिहिलं, 'विषय : विचित्र प्राणी'. आता चंद्रवाघ नावाच्या दुर्मिळ पत्त्यावर वाघाचं डोकं नेमकं डाव्या वरच्या कोपऱ्यात असावं, हा काय माझा दोष? (हो, माझाच.) बाकीच्यांचं एक वेळ चाललं असतं, पण हा वाघ तिला दोन वर्षं शोधून मिळाला होता. "आजोबा, ये क्या किया?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. ताई, पस्तीस वर्षं साहेबांची बोलणी खाल्ली, पण इतकं कुणाचंच लागलं नव्हतं.

तेव्हाच ठरवलं, दुसरा चंद्रवाघ आणला नाही तर नावाचा श्यामकांत नाही. आधी पहाडगंज गाठलं. ठोक दुकानदाराने मोठ्या खात्रीने जो काढून दिला तो वाघ नव्हता, पट्टे ओढलेली पाल होती. (उत्तराने ती दाराखालून परत सरकवली. शेरा नाही, सही नाही.) मग कळलं, गुडगावच्या एका मॉलमध्ये दर रविवारी हे खेळणारे जमतात, पण चंद्रवाघ कुणी विकत नाही, खेळणारा खेळणाऱ्यालाच देतो, तोही बदल्यात. झालं! मी खेळ शिकलो. चाळीस पानी नियमपुस्तिका पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली. नियम सतरा आणि बावीस परस्परविरोधी आहेत, हे आयोजकांना लेखी कळवलं. ("अंकल, चिल," असं तोंडी उत्तर आलं.) चार रविवार मेट्रोने जातोय. अकरा डाव हरलो, शेवटचा तर दुधाचे दात पडलेल्या एका मुलीशी. पण हटणार नाही, बिल्कुल नाही.

भाऊजींना नमस्कार, यतीनला आशीर्वाद.

तुझा हट्टी भाऊ,
श्यामकांत

ता. क. : तुझ्या यतीनकडे दोन चंद्रवाघ आहेत, अशी पक्की खबर आहे. नातू तुझं ऐकतो. एक मागून घे आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून स्पीड पोस्टाने पाठव. कृपा करून स्टेपल मारू नकोस.

ता. क. २ : पाकिटावर उत्तराचं नाव नको, माझं घाल. ती मंगळवारपासून बोलायला लागली आहे. माझे अकरा पराभव ऐकून तिला दया आली. गळ्यात पडली, मीही मनसोक्त रडून घेतलं. येत्या रविवारी माझा डाव तिच्याशीच आहे. भोक पडलेला पत्ता खेळात चालत नाही (नियम नऊ), म्हणजे तिच्याकडे वाघ नाही, माझ्याकडे असेल. तिला यातलं काही कळवू नकोस.